लाल डोंगरांतून परतलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी स्टेशन वॅगन आहे. पांढरी हे माझ्या शब्दावर माना, कारण ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलची लाल धूळ अंगाला बसली की धुऊनही पुरती जात नाही.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात व्हॅलेंटाइनने मला पसंत केलं. तो वसईचा, खाणीतला इंजिनिअर. त्याच्या बायकोने, फिलोमिनाने, फादरांकडून माझ्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि "आता हिला काही होणार नाही," असं जाहीर केलं. ते खरं ठरलं. मला आजवर काही झालेलं नाही.

पुढे व्हॅलेंटाइनला ब्रोकन हिलला नोकरी लागली आणि आम्ही सगळे वाळवंटात आलो. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होई, पाहुणे माझं कौतुक करत. माझ्यात एक सोय आहे: मालकाचा फोन वाजला की तो माझ्या स्पीकरवर लागतो. मला स्वतःचं असं काही बोलता येत नाही. दुसऱ्यांचं मात्र मी खणखणीत बोलते.

ते महामारीचं दुसरं वर्ष होतं. वसईत फिलोमिनाची आई ऑक्सिजनवर होती. इथून बाहेर पडायला परवानगी नव्हती आणि तिथून परतायला विमान नव्हतं. फिलोमिना आठवडाभर फोन हातात धरून बसली होती. म्हणून व्हॅलेंटाइनने सहल ठरवली. गावाच्या उत्तरेचे लाल डोंगर बघायचे, पलीकडची तळी बघायची आणि संध्याकाळी घरी.

सकाळी तो माझ्यात एस्की ठेवत होता. त्या थंड पेटीत पिठाचे तळलेले फुगे आणि चिकनचं झणझणीत इंद्याल होतं. तेवढ्यात फिलोमिनाच्या भावाचा, फ्रँकीचा फोन आला.

"भावोजी, आई गेली. आजच पुरायचं म्हणतात. पाचच माणसं. मी व्हिडिओवर दाखवतो, फिलूला समोर बसवा."

"बरं," व्हॅलेंटाइन म्हणाला. "बसवतो."

मग तो घरात गेला. खिडकी उघडी होती.

"तुझा फोन राहू दे इथेच, फिलू."

"आणि आईचं काही कळलं तर?"

"फ्रँकी मला करेल ना. दिवसभर फोनकडे बघून तिचा ऑक्सिजन वाढणार आहे का? चल, जरा हवा खा."

तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. बायकोचं ब्लडप्रेशर वाढतं. वाईट बातमी संध्याकाळी, पोट भरल्यावर, बसवून सांगायची असते, हे तो घरून शिकून आला होता. फक्त फ्रँकीला 'नाही' म्हणायचं धैर्य त्याच्याकडे नव्हतं.

डोंगर सुंदर होते. मी चढले, उतरले, धापा टाकल्या. तळ्यात त्या वर्षी पाणी होतं, त्यात मेलेली झाडं उभी होती आणि त्यांवर पाणकावळे बसले होते. फिलोमिना महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मुलीला, ॲन्ड्रियाला म्हणाली, "काढ गं माझा एक फोटो. मामाला पाठव, म्हणावं आईला दाखव."

"मम्मा, नो सिग्नल."

"मग सिग्नल आला की जाईल आपोआप."

"नो वरीज," ॲन्ड्रिया म्हणाली आणि 'पाठवा' हे बटण दाबलं. व्हॅलेंटाइन तेव्हा मागच्या बाजूला माझा टायर तपासत होता. टायरला काही झालं नव्हतं.

परतताना गावाजवळ सिग्नल आला. फोटो गेला. थोड्याच वेळात फोन वाजला आणि मला कंठ फुटला, सगळ्यांसमोर.

"भावोजी, काय हे? आईला पुरून आत्ता घरी येतोय, आणि फिलूचा तळ्यावर हसताना फोटो येतो? 'आईला दाखव' म्हणून? मी फोन धरून उभा होतो तिथे! कोणाला दाखवत होतो मी?"

व्हॅलेंटाइनने कॉल बंद करायला बोट पुढे केलं. फिलोमिनाने ते धरलं.

"फ्रँकी, मी आहे," ती म्हणाली. "लाल लुगडं नेसवलंत ना तिला?"



"फिलू... नाही गं. पिशवीतच होती. उघडू दिली नाही."

"बरं," फिलोमिना म्हणाली आणि बोट सोडलं.

"मी संध्याकाळी सांगणारच होतो," व्हॅलेंटाइन म्हणाला. खरंच संध्याकाळ झाली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाड्या शेवटी तेल बदला, हवा तपासा, अशी विनवणी करतात. माझी तशी तक्रार नाही. व्हॅलेंटाइन आजही दर रविवारी मला चर्चला नेण्याआधी पुसतो. फिलोमिना माझ्यात बसते, नवऱ्याशी नीट बोलते, पण मागच्या सीटवरून. माझी विनंती एवढीच आहे. एखाद्याची काळजी घ्यायला निघालात, तर निघण्यापूर्वी एकदा त्या माणसाला विचारा. तळं पुढच्या आठवड्यातही तिथेच असतं.