आज कुठली शिफ्ट

"झुलेखा, प्रश्न विचारायचा नाही," आठल्ये बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जाऊन बसायचं. माणसं आपण होऊन बोलतात तेवढंच खरं. विचारलंस की ती तुला हवं ते उत्तर देतात."

आठल्ये बाई म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या गाइड. परदेशात शिकून आलेल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, तरी त्यांच्यापुढं आमची दातखीळ बसायची. मी मनात म्हटलं, बसायचं तर बसू, त्यात काय डोंबल अवघड आहे. जुन्नरला आमच्या कापडाच्या दुकानात मी लहानपणापासून बसतच आले होते. फक्त दुकानात येणारं माणूस निदान भाव तरी विचारतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ही एकोणऐंशी सालातली गोष्ट. माझा विषय होता, कंपनीची शिफ्ट घरात कशी शिरते. नवरा दर आठवड्याला वेगळ्या वेळी झोपतो, वेगळ्या वेळी जेवतो, तर त्या घराचं काय होतं. त्यासाठी मी कासारवाडीत कामगारांच्या एका चाळीला लागून खोली घेतली. घरमालकीण रहमतबी. तिचा नवरा हायवेवर ट्रक दुरुस्त करायचा. तो वारल्यापासून ती दिवसभर थेरगावला लेकीकडं असायची आणि अंधार पडल्यावर येऊन झोपायची. म्हणजे खोलीत बोलायला कोण, तर स्टोव्ह. तो तरी फरफरायचा.

चाळीच्या नळाजवळ कपडे धुवायचा एक जुना दगड होता. सकाळची कामं उरकली की बाया तिथं जमायच्या, कुणी तांदूळ निवडायला, कुणी नुसतीच. मी त्या दगडावर जाऊन बसायचे. त्या एकमेकींना भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "आज कुठली शिफ्ट गं?" "सेकंड." "मग काय, निवांत हाय तू." हंडा कमरेवर असताना विचारायच्या, पोराला धपाटा घालता घालता विचारायच्या. उत्तर सगळ्यांना ठाऊकच असायचं, तरी विचारायच्या. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. मी आले की बोलण्याचा आवाज खाली यायचा, मग एकेक जण सूप उचलून घरात जायची, आणि मी आणि गळका नळ उरायचो.

आधी मला वाटलं, हे माझ्या नावामुळं. मग वाटलं, चष्म्यामुळं. चष्मा काढून बसले तर कोण आलं कोण गेलं तेच दिसेना. कपाळ माझं.

संध्याकाळी मी कासारवाडी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे. मला कुठं जायचं नसायचं. पण तिथं लोक विचारतात. "लोणावळा गेली का, ताई?" "नाही, यायचीय अजून." एवढं बोलून घसा मोकळा व्हायचा. एकदा एका म्हातारीनं "पोरी, तुझं माहेर कुठलं" असं विचारलं आणि तेवढ्यात तिची गाडी आली. मला त्या गाडीचा इतका राग आला की खोलीवर येऊन मी न जेवता झोपले.

गुरुवारी विद्यापीठात आम्ही सगळे विद्यार्थी जमायचो. माझ्या बरोबरीचा अन्वर थेरगावात छापील प्रश्नावली घेऊन घरोघर फिरायचा. त्याचे गाइड वेगळे. वय किती, पगार किती, पोरं किती, धडाधड विचारायचा आणि प्रत्येक घरी चहा प्यायचा. चहानं पित्त झालं म्हणून माझ्याजवळ तक्रार करायचा.

"तुझं बरं आहे राव," तो म्हणायचा. "नुसतं बसायचं. आमच्या गावात अशा माणसाला रिकामटेकडा म्हणतात, तुला डॉक्टर म्हणणार."

मी हसायचे आणि आतून माझा तिळपापड व्हायचा. कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. दिवाळीनंतर कमिटीपुढं पहिलं प्रकरण ठेवायचं होतं, बाईंच्या सहीनिशी. सही नाही तर नोंदणी रद्द आणि मी परत जुन्नरला. आणि बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की एका तरी घरानं तुला आपण होऊन आत घेतलं तरच मी सही करीन.

"बाई, एखादा साधा प्रश्न विचारला तर?" मी एकदा काकुळतीला येऊन म्हटलं.

"त्यांच्या गप्प बसण्यातही काही असतं. ते लिही," बाई म्हणाल्या. मग नेहमीसारखं दार लोटून घेतलं. दुपारी त्या आपल्या खोलीत एकट्याच जेवायच्या. डबा एका कप्प्याचा. त्यांना काही विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती, आणि त्याही आम्हाला कधी काही विचारायच्या नाहीत. सांगायच्या फक्त.

चाळीत शब्द चालायचा चतुराबाईचा. नळासमोरची पहिली खोली तिची. आवाज खडा, पण कुणाच्या अडीअडचणीला पहिली धावणारी. बाकीच्या बाया तिच्या तोंडाकडं बघून ठरवायच्या, कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही. तिचा नवरा खंडू मशीनवर होता. दसऱ्याच्या सुमाराला त्याला नाईट लागली होती, आणि हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याची सायकल सकाळी भिंतीला टेकलेली, खिडकीला आतून गोधडी लावलेली, चतुराबाई भांडी घासताना आवाज होऊ देत नाही, हे बघून बघून मला कळलं होतं. इतके महिने बसून मला सगळ्या चाळीच्या शिफ्टा पाठ झाल्या होत्या.

त्या दिवशी कल्हईवाला आला आणि नेमका चतुराबाईच्या दारापुढं उभा राहून ओरडायला लागला. मी दगडावरून उठले, ओठावर बोट ठेवलं, गोधडीच्या खिडकीकडं दाखवलं आणि त्याला पुढं जायला हातानं खुणावलं. तो बिचारा मुकाट्यानं गेला. वळून बघते तर चतुराबाई दारात उभी. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग दार लावून घेतलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, झाले मी यांच्यातली. गुरुवारी बाईंना सांगितलं तर त्यासुद्धा किंचित हसल्या. "छान. आता दार उघडेल," म्हणाल्या. अन्वरला मी माझ्या पदरचा चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं चौघांना काढलं. युनियनच्या गेट मीटिंगला बोलले एवढाच त्यांचा गुन्हा. चौघांत खंडू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेले तर माझ्या दगडावर कुणीतरी खरकट्याची बादली उपडी केली होती. बाया तिथंच होत्या. एकजात सगळ्या माझ्याकडं पाठ करून बसल्या. मी उभीच राहिले. शेवटी पायावर माश्या बसायला लागल्या तेव्हा परत आले.

संध्याकाळी रहमतबी आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "चाळीतल्या बाया म्हणतात, पोरीला खोली खाली करायला सांग."

"का पण? माझं नाव..."

"नावाचं काय घेऊन बसलीस. माझ्याकडं साखर मागायला येतात त्या. तू कंपनीची बाई आहेस म्हणतात. इथल्या खबरा आत पोचवतेस."

रहमतबी खाटेवर टेकली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली जणू मी तिच्या थेरगावच्या लेकीपेक्षाही वेंधळी आहे.

"तू कधी कुणाला शिफ्ट विचारलीस का गं? इथं परकं माणूससुद्धा आलं की आधी ते विचारतं. तू इतके महिने बसलीस, एका शब्दानं विचारलं नाहीस. आणि कल्हईवाल्याला हटकलंस, म्हणजे खंडू नाईटला आहे हे तुला ठाऊक. मग तूच सांग, ज्याला कंपनीच्या टाइम ऑफिसातून कळतं तो कशाला विचारील?"

त्या रात्री मी आठल्ये बाईंना मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी शिकवलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडं न करता मी वागले होते, आणि त्यानंच माझी माती झाली होती. बरं, आता उठून विचारावं म्हटलं तर काय विचारणार? ज्याची नोकरी गेली त्याच्या बायकोला आज कुठली शिफ्ट असं कुठल्या तोंडानं विचारायचं? मला रडू आलं आणि रडताना कुणी का रडतेस असं विचारणारंही नव्हतं, म्हणून आणखी आलं.

सकाळी मी ट्रंक भरली. मग ती तशीच ठेवून चाळीत गेले. नोंदणी जायचीच होती, पण चुगलीखोर म्हणून जायचं नव्हतं. नळावर सगळ्या होत्या. मी सरळ चतुराबाईपुढं जाऊन उभी राहिले. ती भांडी घासत होती, आवाज न करता. खिडकीला गोधडी अजून होती. ते बघितलं आणि मी आदल्या रात्री ठरवलेलं सगळं विसरले.

"वहिनी, खंडूभाऊंना झोप लागते का?"

तिचा हात थांबला. "तुला ठावं आसंल की समदं."

"नाही. मला काहीच माहीत नाही. म्हणून विचारतेय."

ती राखेत बोटं फिरवत राहिली. बाकीच्या बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"न्हाई लागत," शेवटी ती म्हणाली. "रातच्याला उठून बसतो. काल डबा भर म्हनला. म्या भरला. हातात घिऊन बसला आन् पहाटं तिथंच खाल्ला." मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि आवाज चढवला. "हितं काय हुबी ऱ्हातीस लोकांच्या पायात. आत ये."

आत अंधार होता. खंडू भिंतीला टेकून बसला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्या घरात दिवसा दबक्या आवाजात बोलायची इतकी सवय झालेली की झोपलेलं कुणी नसतानाही चतुराबाई कुजबुजतच चहा टाकत होती. खंडूनं माझ्याकडं बघितलं, सरकून जागा केली आणि घरी आलेल्या माणसाला विचारतात तसं सवयीनं विचारलं, "काय ताई, आज कुठली शिफ्ट?"

मी चतुराबाईकडं बघितलं.

"तिला कसली आलीया शिफ्ट," चतुराबाई म्हणाली. "ती नुस्ती बसून आसती." आणि खंडू हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण चतुराबाईनं चमकून मागं बघितलं.

मी ते प्रकरण लिहिलं आणि दिवाळीनंतरच्या गुरुवारी बाईंच्या खोलीत नेऊन दिलं. बाईंनी माझ्यासमोर बसून सगळं वाचलं. जेवायची वेळ टळून गेली. डबा टेबलावर तसाच होता.

"इथं तू लिहिलंयस, 'मी विचारलं'," बाई म्हणाल्या.

"हो, विचारलं."

"आपण तसं ठरवलं नव्हतं."

"बाई, तिथं न विचारणं ही शिवी आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा उरली नव्हती. "तुमच्या पद्धतीनं बसले तर त्यांनी मला कंपनीची चुगलीखोर ठरवलं. माणसासारखं विचारलं तेव्हा आत घेतलं."

"मग यावर मला सही करता येणार नाही."

मी कागद गोळा केले. संपलं होतं सगळं. ट्रंक पुन्हा भरायची तेवढी बाकी होती. दारापर्यंत गेले आणि त्या गार पडलेल्या डब्याकडं लक्ष गेलं. चाळीनं माझं तोंड बिघडवलं होतं, त्याला मी तरी काय करणार.

"जेवलात का, बाई?"

बाईंनी मान वर केली. त्यांचा चष्मा उतरवलेला होता आणि त्या एकदम थकलेल्या दिसल्या, आमच्या जुन्नरच्या आत्यासारख्या.

"नाही," त्या म्हणाल्या. मग डब्याकडं बघत, "मला इथं हे कुणी विचारत नाही गं."

त्यांनी हात पुढं केला. मी कागद परत त्यांच्या हातात दिले. त्यांनी शेवटचं पान काढलं, सही केली, पेनचं टोपण लावायला बराच वेळ घेतला. मग डबा उघडून झाकणात अर्धी पोळी-भाजी काढली आणि माझ्याकडं सरकवली. मी बसले. आम्ही जेवत होतो आणि बाई माझ्याकडं न बघता, भाजीकडं बघत म्हणाल्या,

"तो खंडू... आता रात्री झोपतो का?"

इतक्या दिवसांत बाईंनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"माहीत नाही, बाई," मी म्हटलं. "उद्या विचारून येते."