दुसऱ्याची लाइन

गाणं मध्येच थांबलं, तसा एक्सचेंजबाईंनी कांदा चिरायचं सोडून हात फडक्याला पुसला आणि कानातल्या इअरबडवर बोटानं एक टिचकी मारली. लेकानं शिकवलंच होतं, "बंद पडलं की एकदा टिचकी मार आई, होतं चालू."

गाणं काही आलं नाही. आला एका मुलीचा घाईतला आवाज. "हॅलो, हार्टच्या दवाखान्यातून बोलतेय. ऐकू येतंय ना?"

दुसरी कोणी असती तर "कोण पाहिजे?" विचारून मोकळी झाली असती. पण बाईंची बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. चुकून दुसऱ्याच्या लाइनीत शिरलो तर तोंडातून ब्र काढायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. तेव्हा एक खटका ओढला की बाहेर पडता यायचं. या शेंगदाण्याएवढ्या वस्तूला खटका कुठे असतो, देव जाणे. श्वास रोखून त्या उभ्या राहिल्या.

"परवा चोवीस तास मशीन लावलं होतं ना, त्याचा रिपोर्ट डॉक्टरांनी आत्ता बघितला. ठोके मध्येच थांबतायत. एकदा तर सहा सेकंद. आज गाडी अजिबात चालवायची नाही. लगेच निघा, आणि घरातलं कोणीतरी बरोबर आणा. ठेवते."

फोन कट झाला. गाणं जिथं थांबलं होतं तिथून निर्लज्जासारखं पुढे सुरू झालं.

आपल्याला कुठलं मशीन लावलं होतं, हे आठवू बघेपर्यंत बाईंची नजर टेबलावर गेली. तिथे लेकाचा फोन नुकताच विझत होता. इअरबड मुळात त्याचे. पंधरवड्यापूर्वी त्यानं ते आईला दिले, पण त्याचा फोन इअरबडना विसरला नव्हता. एका कानाला दोन लाइनी. जिच्यावर कॉल येईल ती गाण्याला बाजूला सारून आत घुसणार, आणि टिचकी मारली की उचललाच तो कॉल!

न्हाणीघरात पाणी वाजत होतं. लेक आंघोळ करून, जेवून साडेअकराला निघणार होता. दुपारच्या शाळेची बस. बेचाळीस पोरं.

नवऱ्याचा कारखाना बंद होणार, हे बाईंना आठ दिवस आधी कळलं होतं. मालकाचा ट्रंक कॉल त्यांनीच जोडून दिला होता. पण लाइनीवरचं लाइनीवर ठेवायचं म्हणून घरी चकार शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्याला ते फाटकावरच्या कुलपानं सांगितलं. पुढे तो गेला, तरी बाईंना आधी माहीत होतं हे त्याला कळलं नाही. या गोष्टीचा बाईंना अभिमान होता आणि त्याच गोष्टीची लाजही वाटायची.

लेक युनिफॉर्म चढवून बाहेर आला.

"वाढतेस ना? उशीर होतोय."

"तुझा फोन माझ्या कानात आला," बाई म्हणाल्या. आणि मुलीचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. सहा सेकंदांसकट.

तो भिंतीला टेकला. मग एकदम चिडला. "तू ऐकलंस? ऐकत उभी राहिलीस?"

"राहिले. आणि तू मशीन लावून दिवसभर घरात वावरलास, मला पत्ता नाही!"

"तुला कशाला घोर म्हणून नाही सांगितलं. हे बघ, आजची खेप मारतो, संध्याकाळी जातो दवाखान्यात. ऑफिसात कळलं तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत. दुसरं काय येतं मला?" त्याचा आवाज खाली आला. "जन्मात कोणाचं काही फोडलं नाहीस तू. माझंच फोडणार?"

बाईंना ते लागलं. फार लागलं. त्यांनी कानातले दोन्ही इअरबड काढून ओट्यावर ठेवले, आपला फोन घेतला आणि बसच्या ऑफिसला लावला.

"दुपारच्या बसच्या ड्रायव्हरची आई बोलतेय. तो आज येणार नाही. दुसरा माणूस पाठवा." पलीकडून कारण विचारलं. बाईंनी डोळे मिटले. "त्याच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबतात. हो, मला नक्की माहीत आहे."

फोन ठेवून त्या वळल्या तेव्हा लेक खुर्चीत बसला होता. युनिफॉर्मचा शर्ट त्यानं काढून मांडीवर घेतला होता. छातीवर मशीनच्या चिकटपट्ट्यांचे लाल, गोल डाग होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

बाईंनी कपाटातून साधा शर्ट आणला. त्याला बटणं लागेनात, म्हणून त्याच लावू लागल्या. छातीवरच्या बटणाशी त्यांचा हात थांबला. कापडाखाली ठोका पडत होता. एक, मग एक, मग आणखी एक. आणि मग बाईंचा हात तिथेच, पुढच्याची वाट बघत राहिला.