न धुतलेली बाटली

टेकडीपलीकडच्या मैदानावर आग विझवायचा सराव चालायचा, तेव्हा पोरं पांढऱ्या फेसात लोळून घरी यायची.

सुनेला सातवा महिना. पाय सुजलेले, तहान भागत नाही.

नमुना घेताना नवा रेनकोट घालू नये. हाताला क्रीम लावू नये.

उकळलं की पाणी आटतं. जे नको असतं, ते तेवढंच उरतं.

तीन पाणी. पहिलं मळाचं, दुसरं साबणाचं, तिसरं मनाच्या समाधानाचं.

मावशींनी नळ सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या उभ्या राहिल्या. हात मोकळे ठेवले तर ते गप्प बसणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. घरी पेला असो की पातेलं, तीनदा विसळल्याशिवाय त्यात काही पडत नसे. गल्लीत त्यांना तीनपाणी मावशी म्हणत, आणि त्यांना ते मानाचं वाटे.

ओट्यावर लॅबने पाठवलेल्या तीन बाटल्या होत्या. पहिली नळाच्या पाण्यासाठी, त्यातलं क्लोरीन मारायला तळाशी चिमूटभर पांढरी पूड असलेली. दुसरीत लॅबचं शुद्ध पाणी. तिसरी कोरी. शुद्ध पाणी इथेच, नळाशेजारी, कोऱ्या बाटलीत ओतायचं आणि झाकण लावायचं. हातातून, कपड्यातून काही मिसळलं असेल, तर ते तिसरीत पकडलं जाणार.

सून स्टुलावर बसून सूचनांचं कार्ड वाचत होती.

"‘बाटली विसळू नये,’ असं लिहिलंय, बरं का आई," ती नजर न उचलता म्हणाली.

"वाचता येतं मला."

पाणी वाहू द्यायची कार्डावरची पाच मिनिटं झाली. मावशींनी हातमोजे चढवले, बाटली धारेखाली धरली, खुणेपर्यंत भरली, झाकण फिरवलं, शुद्ध पाणी तिसरीत ओतून तीही बंद केली. सगळं मिळून मिनिटभराचं काम. तरी त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

दोन महिन्यांपूर्वी हे सगळं एकदा करून झालं होतं. गल्लीला पाणी येई टेकडीखालच्या विहिरीचं, आणि टेकडीवरून वर्षानुवर्षं जिरलेला फेस त्याच विहिरीत उतरला असणार, असं सुनेने वाचून काढलं होतं. त्या फेसातली रसायनं कुजत नाहीत, विरत नाहीत. अमरपट्टा घेऊनच आलेली. त्यांच्यापुढे उकळणं फुकट. कोळशाच्या बारीक दाण्यांतून पाणी गाळलं तर मात्र ती अडकतात. मुलगा कामावरून रोज पाण्याचे दोन कॅन आणू लागला. पण बाकीच्या साठ घरांचं काय? शेजारची जुळी त्याच नळाच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पीत होती. म्हणून सून पोट सांभाळत घरोघर हिंडली, सह्या घेतल्या आणि विहिरीवरच कोळशाच्या टाक्या बसवा, अशी मागणी केली. पाणी खात्याने सांगितलं, आधी तपासणी आणा.

"बाटलीचं काम माझं," तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या.

आठवड्याने लॅबची चिठ्ठी आली. नमुना बाद. बाटलीत पूड आढळली नाही.

गल्ली चिडली. सुनेने सगळ्यांना एकच सांगितलं, पाणी खात्यालाही तेच लिहून दिलं, की लॅबवालेच घालायला विसरले असतील. मावशींनी मान डोलावली. त्या दिवशी पोट बरं नाही म्हणून त्या जेवल्या नाहीत.

या वेळी आकडा आला. मर्यादेच्या नऊपट.

पाणी खात्याच्या खोलीत गल्लीतली वीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. खुर्चीवर फक्त सून, आठव्या महिन्यातली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कागद असा चाळत होता जणू त्यातून नाही म्हणायची जागा शोधतोय. आणि ती त्याला सापडली. पहिल्या वेळी हीच लॅब पूड घालायला विसरली, असं तुम्हीच लिहून दिलंय, तो म्हणाला. जी लॅब एवढं विसरते, तिच्या आकड्यावर विसंबून टाक्या कशा उभारायच्या? आपण खात्यातर्फे पुन्हा बघू. पुढच्या वर्षी.

सुनेने कागद पुढे ओढून पाहिला. ते वाक्य तिच्याच अक्षरात होतं. जुळ्यांचा बाप जमिनीकडे बघू लागला.

मावशी पुढे झाल्या. टेबलाला हात टेकला, मग काढून घेतला.

"लॅब विसरली नव्हती," त्या म्हणाल्या. "पूड होती. मला ती घाण वाटली. मी बाटली तीनदा विसळली."

एकतीस वर्षांचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवलं होतं, आणि सगळी गल्ली ते बघत होती.

"हे लिहून द्याल?" साहेबाने विचारलं.

"सही करते. पेन द्या."

"आणि या दुसऱ्या वेळी?"

"या वेळी हात मागे बांधले होते. हातमोज्यांतून काही गेलं असेल म्हणाल, तर ती तिसरी बाटली बघा."

साहेबाने पान उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्या बाटलीपुढे दोनच शब्द होते: आढळले नाही. हात स्वच्छ, लॅब चोख. म्हणजे जे होतं ते विहिरीतच होतं. त्याने टोपण काढलं आणि मागणीच्या अर्जावर शेरा मारला. तो ‘पुढच्या वर्षी’ नव्हता.

जिना उतरताना जुळ्यांचा बाप म्हणाला, तीनपाणी मावशींनी साहेबाची बिनपाण्याने केली. हसण्याचा असा गडगडाट झाला की वरच्या मजल्यावरचे कारकून खिडकीत आले.

चार महिन्यांनी विहिरीजवळ दोन निळ्या टाक्या उभ्या राहिल्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या. आत पोत्यांनी ओतलेला काळा कोळसा. कोळसाही थकतो, तो वेळेवर बदलावा लागतो, हे ऐकल्यावर मावशींनी बदलायची तारीख भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतली. चावी फिरवली तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. नवा नमुना मावशींनीच घेतला, सगळ्यांसमोर, आणि पाणी वाहू देताना त्यांनी हात पाठीमागे बांधले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लॅबचा कागद आला. आढळले नाही.

सुनेने तो सांडशीखाली दाबून ओट्यावर ठेवला. बाळ खांद्यावर होतं, तीन महिन्यांचं, मुठी चोखत. मावशींनी त्याची दुधाची बाटली नळाखाली धरली. एकदा विसळली. दुसऱ्यांदा विसळली.

"आई, पुरे की आता."

"तिसरं माझ्या समाधानाचं."

"घ्या," सून म्हणाली, आणि तिने बाळाचं तोंड नळाकडे वळवलं, त्यालाही दिसावं म्हणून.

बाद झालेल्या त्या पहिल्या नमुन्याची बाटली विसळली जात होती, तेव्हा सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.