खिडकीकडे तोंड करून

“आपण प्रभूची माणसं, पोरी. जगापासून चार हात लांब राहायचं.” बाबांचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात घर करून होता. बाबा गेले, आवाज तेवढा राहिला.

म्हणून शिवणकामाच्या कारखान्यात काजं करणारी ती, दुपारी खिडकीकडे तोंड करून एकटीच डबा उघडायची. डोळे मिटून प्रार्थना करायची. तेवढ्यात पाठीमागे बसलेल्या बाकीच्यांचा रेडिओ बंद व्हायचा, हसणं थांबायचं. तिला वाटायचं, आपल्यामुळे यांच्या आनंदावर विरजण पडतं. मग घास कसाबसा गिळायचा आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन भिंतींशी बोलायचं.

त्या दुपारी इस्त्रीवर नवा माणूस होता. तिनं डोळे मिटले, तरी गाणं चालूच राहिलं.

“अहो, बंद करा ते,” कटिंगमास्तर दबक्या आवाजात म्हणाले. “ताईंची प्रार्थना चाललीय. ती होईपर्यंत इथं कुणी घास उचलत नाही.”

तिच्या ओठांवरचं आमेन ओठांवरच राहिलं. प्रभू तर कुणाच्याही घरी जेवायला बसायचा, कुणाला परकं म्हणायचा नाही. मग आपण कुणापासून लांब राहिलो?

“काय गं, आज प्रार्थना लांबली?” बटणं लावणारी मावशी म्हणाली. “देवानं उलट प्रश्न विचारला की काय?”

सगळे हसले. ती वळली.

“मावशी, मला तुमच्यात बसून जेवायचंय,” ती म्हणाली. “अगदी पहिल्या दिवसापासून बसायचं होतं.”