बाहीत गेलेली कविता

मी एक जुनं शिलाई मशीन आहे, पायाने चालणारं, आणि मित्रांनो, मला एक अख्खी कविता पाठ आहे! हसू नका, ऐका तर!

माझी मालकीण ब्लाउज शिवायची. तेव्हा सुनेनं कविता केली तर घरात केवढा गहजब! म्हणून ती पायडल जोरात मारायची आणि माझ्या खडखडाटात हळूच ओळी म्हणायची. सासू खूश, काय कामाचा उरक आहे हिला! जमलेल्या ओळी ती बेतायच्या कागदांच्या पाठीवर लिहायची. पण कवितेत स्वतः कधी नसायचीच. झाकलेली विहीर असायची, नाहीतर कडी लावलेली खिडकी.

लेकीच्या कवितेत विहीर-बिहीर काही नाही, थेट जाब! मोर्चाचे कापडी फलक माझ्यावरच शिवले तिनं. "आई, किती दिवस आडून बोलायचं गं?" म्हणायची. आणि याच लेकीनं एकदा घाईघाईत, कागद न उलटता, आईच्या कवितेवर बाही आखली आणि चालवली कात्री! बाहीचा कागद ब्लाउजच्या घडीत गेला गिऱ्हाइकाकडे. लेक रडकुंडीला आली. आई एवढंच म्हणाली, "असू दे. बाही नीट बसली ना?"

आता नात लिहिते. पाळीवर, स्वतःच्या जाड कमरेवर, मनात येईल त्यावर, आणि चारचौघांत खणखणीत वाचते. परवा तिला माझ्या खणात तो अर्धा कागद सापडला.

"आजी, हे तू लिहिलंस? आणि मला पत्ताच नाही! रविवारच्या कार्यक्रमात वाचणार मी, तुझ्या नावानं. पुढचं सांग ना!"

आजी कागदावरून बोट फिरवत राहिली. "नाही गं आठवत. अशी नुसती बसून नाही येत मला."

"तू पण ना, आजी!" नात हिरमुसली.

मला येतंय ना पुढचं! सात ओळी. त्यांत विहीर नाही, मित्रांनो, खिडकी नाही. तिथे ती स्वतः आहे, पहिल्यांदाच. आणि मला तोंड नाही.

कुणीतरी माझ्यावरची कुंडी उतरवा. तुटलेला पट्टा बदला, दोन थेंब तेल घाला आणि आजीला माझ्यापुढे बसवा. तिचा पाय पडू दे, माझा खडखडाट होऊ दे, येतील ओळी. पण लवकर हं. आज गुरुवार आहे, आणि आजी शहाऐंशीची.