चार काळ्या क्लॅरिनेटी

"तो डबा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही," केशरबाई म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. आता डब्याला आत यायचं तर तिच्या अंगावरून यावं लागलं असतं.

डब्यात चंदेरी रंग होता. डबा धरून उभे होते 'नवप्रभात बँड'चे मालक सुकलाल. सुरतेतल्या एका जरीवाल्या शेठच्या मुलाचं लग्न होतं आणि शेठला वरात चांदीची हवी होती. सुकलालनी डगले चंदेरी शिवले, ढोल रंगवले, पितळ पुरेसं पांढरं दिसेना म्हणून ट्रंपेट रंगवले. उत्साहाच्या भरात घोड्याचे खूरही रंगवले. घोडा तेव्हापासून स्वतःच्या पायांकडे बघत उभा होता. राहिल्या होत्या फक्त चार क्लॅरिनेटी. काळ्या लाकडाच्या, केशरबाईच्या ट्रंकेत.

त्या तिच्याकडे असायच्या, कारण तिचा नवरा श्रीपत त्यातली एक वाजवायचा आणि बाकीचे तिघे वाजवणारे आपापल्या क्लॅरिनेटी उन्हात, सायकलीला टांगून, एकदा तर वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवायचे. चौघींना आतून तिळाचं तेल देणं, सांध्यांचा दोरा बदलणं, तडा गेला तर लाख भरणं, हे सगळं गेली सात वर्षं केशरबाई करत होती. बाकी दिवसभर ती उधन्याच्या लूम कारखान्यात बॉबिना भरायची.

"एक हात रंग मारायचा शे फक्त," सुकलाल म्हणाले.

"फुंकीचं पाणी आतून लाकडात जाते. मंग लाकूड ते बाहेरून सोडते. बाहेरून त्याचं तोंड बंद केलं तर ते फुटंल."

"बाई, लग्न दोन तासांचं राह्यते."

"हे नवरदेवाले सांगितलं का?"

सुकलाल श्रीपतकडे वळले. "तू तर हो म्हनला होता!"

"मी फक्त मान हलवली होती," श्रीपत म्हणाला. "माशी होती."

"बँड माझा, क्लॅरिनेटी माझ्या!"

"कागदावर तुमच्या. पोटात माझं तेल शे."

"मंग श्रीपतले बँडात जागा नाही, सांगून ठेवतो!"

श्रीपतनं बायकोकडे पाहिलं. दिवसभर लूम चालवून त्याचा खडखडाट ऐकणाऱ्या या माणसाकडे बँडाशिवाय ऐकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. केशरबाईला ते ठाऊक होतं. ती उठली, ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

तिचे वडील यावल तालुक्यातल्या एका गावचे सनईवाले. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी पाटलाच्या दारी वाजवणं बंद केलं. पण सनईला तेल द्यायचे. लोक विचारायचे, आता कशाला? ते म्हणायचे, "पाटलासाठी वाजत नाही म्हनून काय उपाशी मारू तिले?" पाटलाचा माणूस दोनदा बोलवायला आला. दोन्ही वेळा सनई ताजी तेल दिलेली होती आणि दोन्ही वेळा ती गेली नाही.

सुकलालनी तोडगा काढला. नळाच्या पाइपाचे चार तुकडे कापून आणले आणि चंदेरी रंगवले. लग्नाच्या दिवशी बँडातली जागा वाचवायला श्रीपत त्यातला एक तोंडाला लावून निघाला. चौघांनी गाल फुगवले, बोटं नाचवली, भुवयासुद्धा वर केल्या. ढोल-ट्रंपेटच्या गदारोळात कुणालाच काही कळलं नाही. चौटा बाजारात तर शेठनी मुद्दाम थांबून क्लॅरिनेटवाल्यांना शाबासकी दिली, "आजे तो पिपूडीवाळा जोरदार छे!" सात वर्षांत श्रीपतला मिळालेली ही पहिली शाबासकी. त्याला रडू आलं.

नवरीच्या दारी मात्र पोंखण्याची वेळ आली. सासू नवरदेवाला ओवाळते तेव्हा ढोल थांबतात आणि एकटी क्लॅरिनेट वाजते, अशी रीत. ढोल थांबले. सासूनं ताट उचललं. चौघांनी गाल फुगवले. अतिशय सुंदर शांतता पसरली.

"वगाडो ने!" सासू वाजवायची खूण करत म्हणाली.

श्रीपतनं पाइप तोंडातून काढला. "खरी घरी आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या बायकोनं रंगवू दिली नाही. बरं केलं."

अर्ध्या तासानं शेठची मोटार कारखान्याच्या दारात उभी राहिली. चंदेरी डगल्यातले सुकलाल बॉबिनांमधून धावत आले.

"केशरबाई, ऊठ! काळी तर काळी!"

"चौघी काळ्या राह्यतील?"

"राह्यतील!"

"सगळ्यांसमोर म्हना."

लूम चालू होते. सुकलालना तीन वेळा ओरडावं लागलं.

चाळीतून एक क्लॅरिनेट घेऊन केशरबाई मोटारीतून मांडवाच्या दारात उतरली, बॉबिनांचे धागे अंगावर तसेच. नवरदेव घोड्यावर, सासू ताट घेऊन. केशरबाईनं सांधे जोडले, वाजवायची पात श्रीपतच्या तोंडात भिजायला दिली.

"जल्दी करो," शेठ म्हणाले.

"पत्ती सूखी है। थांबा."

सगळे थांबले. मग श्रीपतनं वाजवलं. इतका वेळ चांदीकडे बघणारी माणसं त्या एका काळ्या नळीकडे बघू लागली. सासूचं ताट ओवाळता ओवाळता मध्येच थांबलं.

सूर संपला तसे ढोलवाले पुढे सरसावले. पण केशरबाईनं नवऱ्याच्या हातातून क्लॅरिनेट घेतली होती आणि दाराच्या मधोमध, वाटेतच बसून ती सांधे सोडवत होती.

सुकलाल तिच्या कानाशी वाकले. शेठ बघत होते म्हणून ते हसत बोलत होते. "उद्यापासून माझ्या वाद्यांले हात लावायचा नाही. समजलं?"

"उद्या नाहीच लावत," केशरबाई म्हणाली. "तेल रविवारी राह्यते."

तिनं दोऱ्याला बांधलेलं फडकं नळीतून ओढलं. ओलं निघालं. झटकून पुन्हा आत घातलं. चंदेरी डगल्यातली वीस माणसं, घोडा आणि वऱ्हाड तिच्याभोवती उभं होतं. फडकं अजून ओलंच निघत होतं.