ऋषीचं दुसरं पहिलं पाऊल

माणसाचं पहिलं पाऊल हा मानवजातीच्या इतिहासातला थोर क्षण असतो. बेसा भागातल्या यमुताईंच्या पाळणाघरात असे चौदा थोर क्षण घडले आणि चौदाही दाबून टाकण्यात आले.

पंधरावा बुधवारी दुपारी घडला. अकरा महिन्यांचा ऋषिकेश दिवाणाला धरून उभा होता. त्याने हात सोडला, तीन पावलं टाकली आणि यमुताईंच्या मांडीत येऊन आदळला.

"चालला वं, चालला!" त्यांचे यजमान मारोतराव खुर्चीतून ओरडले.

"चूप बसा जी." चोरीचा माल लपवावा तसं यमुताईंनी पोराला पदराआड घेतलं. "काही चालला-गिलला नाही. पडला तो."

पाळणाघराचा नियमच होता. पहिला दात, पहिला शब्द, जे काही पहिलं असेल ते आईचं. इथे घडलं तरी घडलं नाही असं धरायचं. मग रविवारी आपल्या घरी आई आनंदाने किंचाळते, सोमवारी पेढे आणते, आणि यमुताई तोंडावर हात ठेवून म्हणतात, "काय सांगून राहिली वं!" बावीस वर्षांत हा अभिनय इतका बसला होता की डोळेही वेळेवर भरून येत. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. हे त्या कुणाला सांगत नसत, कारण सगळ्यांना माहीत होतं.

वर्षभरापूर्वी मोठ्या रस्त्यावर कॅमेरेवालं पाळणाघर निघालं आणि एकेक करून पोरं तिकडे गेली. आता ऋषी तेवढा उरला होता. खेळणी बारा पोरांची, म्हातारी माणसं दोन आणि राजा एकटा, असा त्याचा थाट होता.

लपवण्याच्या बाबतीत मारोतरावांचा मात्र नाइलाज होता. कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये बसून त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं: जे दिसेल ते ताबडतोब वर कळवायचं. यमुताई दूध कोमट करायला आत गेल्या, पोरगं पुन्हा चाललं आणि मारोतरावांनी वर कळवलं. व्हिडिओ, खाली तीन गुलाबाची फुलं आणि मजकूर: 'आमचा ऋषी पहिल्यांदा चालला.' थेट सोसायटीच्या ग्रुपवर.

ऋषीची आई मिनल वरच्याच मजल्यावर राहायची. तिने तो व्हिडिओ ऑफिसात सव्वातीनला पाहिला. चारला ती दारात होती.

"काकू, आत्ता गेटवर इस्त्रीवाल्यानं माझं अभिनंदन केलं. सगळ्यांनी पाहिलं. शेवटी मी!"

"चुकी झाली बाई. ह्यायले अक्कल नाही."

"'आमचा ऋषी' लिहिलंय." मिनलचा आवाज फाटला. "आमचा!"

यमुताईंना पुष्कळ सांगता आलं असतं. मागच्या महिन्यात तू पेढे आणलेस तो दात मी तुझ्याआधी पाच दिवस पाहिला होता, आणि तरी बोलले नाही, हे तर नक्कीच. पण ते सांगितलं असतं तर मिनलचा तो दातही गेला असता.

मिनलने हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि पोराला उचलून निघाली. तिच्या खांद्यावरून ऋषी मागे बघत हात हलवत होता. टाटा करायला त्याला यमुताईंनीच शिकवलं होतं.

संध्याकाळी ओट्यावर त्याच्या डब्याचं झाकण सापडलं.

"येते ती," यमुताई म्हणाल्या. "स्टीलचं झाकण कोणी असं सोडते का?"

मारोतरावांनी या तर्काला हरकत घेतली नाही. त्यांचा मोबाइल आता तुरीच्या डाळीच्या डब्यात जमा झाला होता.

यमुताई रोज झाकण घासू लागल्या. ऋषीची गादी उन्हात टाकू लागल्या. त्याची नाचणीची खीर रोज होत राहिली, आणि खाणारं दुसरं कुणी नसल्याने मारोतरावांनी ती आठ दिवस बिनतक्रार खाल्ली. भांडी घासता घासता यमुताई बोलायचं घोकत होत्या: दाताचं काढायचं नाही. माफी मागायची आणि पोराला घ्यायला हात पुढे करायचे. बस.

नवव्या दिवशी बेल वाजली. दारात मिनल, एकटी, मान खाली घातलेली.

"काकू..."

यमुताईंचे हात आपोआप पुढे झाले.

"त्याच्या डब्याचं झाकण राहिलं का इथं? सेटमधलं आहे ते."

यमुताईंनी झाकण आणलं. चकाकतच होतं, तरी पदराने पुसलं.

"कसा आहे वं तो?"

"बरा आहे. त्या कॅमेरेवाल्या पाळणाघरात एसी आहे." मिनलने झाकण हातात घेतलं. "'आई' म्हणाला."

"काय सांगून राहिली वं!" यमुताईंचा हात सवयीने तोंडावर गेला. डोळेही वेळेवर भरले. "कवा?"

"मंगळवारी." मिनल झाकण उलटंपालटं करत राहिली. "मी ऑफिसात होते. तिथल्या बाईंना म्हणाला. त्यांनी लगेच व्हिडिओ पाठवला."

मग यमुताई आत गेल्या, डाळीत हात घालून मोबाइल काढला, फुंकर मारून त्यावरची पूड उडवली आणि बाहेर आल्या.

"तेवढा व्हिडिओ ह्याच्यावर पाठव न वं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यायले नाही दाखवत."